दोन गिनीपिगांचा शेजार

मुलांस एखादें मुकें जनावर पाळावयास द्यावें असें पुष्कळ पालकांस वाटतें, व तें इष्टच आहे. परंतु गिनीपिगांविषयीं एक तक्रार वरचेवर कानीं येते. "आणले दोन, पण त्यांचें मुळींच पटत नाहीं, आतां काय करावें?" यावर शेजारीपाजारी बहुधा दोन उपाय सुचवितात. एक, दोघांस एकाच पिंजऱ्यांत राहूं द्यावें, भांडून भांडून आपोआप ताळ्यावर येतील; दुसरा, एक कोणास तरी देऊन टाकावा. माझ्या मतें हे दोन्ही उपाय अयोग्य आहेत. पहिला तर निष्ठुरच आहे.

हा प्राणी नांवाप्रमाणें गिनी देशचा नव्हे आणि डुकराच्या जातीचाही नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांत हजारों वर्षांपूर्वीं लोकांनीं त्यास माणसाळविलें, तेंही हौसेखातर नव्हे, खाण्याकरितां. सोळाव्या शतकांत तो युरोपांत गेला आणि हळूहळू मुलांचा सवंगडी झाला. त्याचे रानांतील भाईबंद कळपानें राहतात; सोबतीवांचून तोही झुरतो. स्वित्झर्लंड देशानें २००८ सालीं प्राणिरक्षणाचे जे नियम केले, त्यांत गिनीपिग एकटा ठेवण्यास मनाई आहे. तेव्हां एक देऊन टाकल्यानें भांडण मिटतें खरें, पण राहिलेल्यास एकांतवासाची शिक्षा होते.

खर्जांत घुरघुरणें, कंबर डोलवीत फिरणें, एकमेकांमागें धांवणें, पाठीवर चढणें, ही थोरपणा ठरविण्याची त्यांची रीत आहे. तेवढ्यावरून विद्यार्थ्यांनीं मध्यें पडूं नये. परंतु दांत सारखे कडकडूं लागले, माना ताठ करून दोघे जबडा वासूं लागले, कीं घटका जवळ आली असें समजावें. रक्त निघालें तर त्यांस तत्काळ निरनिराळे करावें. मात्र हात उघडा घालूं नये, जाड टॉवेल टाकावा. पूर्वीं गुण्यागोविंदानें राहणारे एकाएकीं भांडूं लागले तर प्रथम जनावरांच्या डॉक्टरांस दाखवावें. दुखणाईत जनावर चावरें होतें.

कित्येकदां दोष जनावरांचा नसून घरधन्याचा असतो. पाण्याची बाटली एक, लपावयास खोकें एक, त्यास दारही एकच! आंत कोंडला गेलेला चावेल नाहीं तर काय करील? प्रत्येक वस्तु दोन ठेवावी व खोक्यास दोन दारें असावींत. "नर-मादी आणा, भांडण नको" असा सल्ला देणाऱ्यांचें मला नवल वाटतें. मादी सुमारें दोन महिन्यांत विते, आणि व्यायल्यावर कांहीं तासांतच पुन्हां गाभण राहूं शकते. तीं पिलें कोण सांभाळणार?

एवढें करूनही जमलें नाहीं तर मध्यें तारेची जाळी घालावी. जाळींतून तोंड पलीकडे जाऊं नये. दीड फूट उंची पुरते, कारण हा प्राणी चढण्यांत पटाईत नाहीं. वाळलें गवत दोन्ही बाजूंस जाळीलगत टाकावें, म्हणजे दोघे समोरासमोर चरतात. दिसणें, वास व आवाज यांची सोबत राहते, दांत मात्र पोंचत नाहींत. आणखी एक लाभ असा कीं कोण खातो व कोण खात नाहीं तें लगेच कळतें. गिनीपिगानें एक दिवस खाणें सोडलें तरी तें जिवावर बेततें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

लहानशा पिंजऱ्याचे दोन तुकडे करणें म्हणजे जाळी घालणें नव्हे. प्रत्येकास धांवावयास जागा हवी, आणि आपल्याकडील वैशाखांत दोन्ही बाजूंस सावली व वारा हवा. जाळी काढण्याची घाई बहुधा मुलांनाच असते. कांहीं आठवड्यांनीं, दोघांसही परक्या असलेल्या जागीं गवताचा ढीग घालून, वडील माणसासमक्ष त्यांस एकत्र सोडून पाहण्यास हरकत नाहीं. तरीही बिनसलें तर जाळी कायमची समजावी. गिनीपिग पांच ते आठ वर्षें जगतो; तितकीं वर्षें दोन बाजू झाडण्याची ज्या घरीं तयारी नाहीं, त्या पालकांनीं जोडी विकत घेण्यापूर्वींच मुलाच्या हट्टास नकार द्यावा.