धावपट्टीची शिस्त घाटाला का नाही?

विमानाचा प्रवास ही गोष्ट सुरतेस आता अपूर्वाईची राहिलेली नाही. डुमस रस्त्यावरील आमच्या विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले व त्याच सुमारास त्यास आंतरराष्ट्रीय विमानतळाचा दर्जाही मिळाला. हिऱ्यांचे व कापडाचे व्यापारीच नव्हेत, तर मध्यम स्थितीतील कुटुंबेही आता सुटीसाठी विमानाची तिकिटे काढू लागली आहेत. त्यांतील पुष्कळांच्या मनात एक हौस असते, ती म्हणजे बर्फ पाहण्याची. ज्या नगरीत थंडी म्हणजे सकाळपुरता स्वेटर आणि पोंकाची, म्हणजे आपल्या हुरड्याची, मेजवानी, तेथील माणसांस हिमाच्छादित शिखरांची ओढ वाटावी यात नवल नाही. या हौसेला आमचा मुळीच विरोध नाही. आम्हांस विचार करावयाचा आहे तो विमानतळापासून डोंगरमाथ्यापर्यंतच्या शेवटच्या वाटेचा.

प्रथम काश्मीरमधील गुलमर्गचे उदाहरण घेऊ. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून वेगाने घसरत जाण्याचा जो स्कीइंग नावाचा खेळ आहे, त्याचे हे भारतातील सर्वांत प्रसिद्ध ठाणे होय. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली तेथे या खेळाचा क्लब स्थापन केला. गोंडोला या नावाने ओळखला जाणारा रज्जुमार्ग तेथे १९९८ मध्ये सुरू झाला, आणि २०२० पासून 'खेलो इंडिया'चे हिवाळी सामने तेथे भरू लागले. २०२२ च्या बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा जो एकच खेळाडू उतरला, तो आरिफ खान याच परिसरातील.

सुरतेहून निघालेला प्रवासी दिल्लीस किंवा मुंबईस विमान बदलून श्रीनगरला उतरतो. तेथून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. मागामवरून टंगमर्गपर्यंतचा रस्ता बराचसा सुखाचा आहे. टंगमर्गपासून पुढे मात्र सूचिपर्णी वृक्षांच्या दाट राईतून वळणे घेत जाणारा सुमारे १३ किलोमीटरांचा चढ लागतो. गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर. समुद्रकाठच्या सुरतेतून सकाळी निघालेला मनुष्य सायंकाळी अशा उंचीवर पोहोचू शकतो, हा विज्ञानाचा प्रताप खराच. परंतु त्या दिवशी बर्फ पडलेला असेल, तर विज्ञानाचा हा वेग टंगमर्गला येऊन थांबतो.

कारण टंगमर्गला एक नियम आहे. बर्फ पडला की ज्या गाडीच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधलेल्या नाहीत, किंवा जिची चारही चाके यंत्राच्या जोराने फिरत नाहीत, ती गाडी वर सोडली जात नाही. प्रवासी कितीही मोठा असो, त्याची गाडी कितीही किमतीची असो, त्याने तेथे उतरावे, सामान उतरवावे, आणि त्या घाटाची सवय असलेल्या स्थानिक चालकाच्या साखळ्या बांधलेल्या गाडीत बसावे. प्रवासी कुरकुरतात, भाड्यावरून वाद घालतात, वेळ गेला म्हणून हळहळतात, पण अखेर उतरतात. डोंगर चढावयाचा तर डोंगराच्या अटी मान्य करून चढावयाचा, एवढाच त्या नियमाचा अर्थ आहे. आमच्या मते बर्फापेक्षाही ही गोष्ट सुरतकरांनी तेथून शिकून यावी अशी आहे.

आता आपल्या घरच्या घाटाकडे वळू. सुरतेपासून सुमारे १६० किलोमीटरांवर, डांग जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर सापुतारा आहे. तेथे बर्फ पडत नाही व स्कीइंगही होत नाही; परंतु गुजरातचे ते प्रसिद्ध गिरिस्थान आहे, आणि पावसाळ्यात तेथे सुरतेहून गाड्यांची रीघ लागते. आम्हां मराठी कुटुंबांस तर तो रस्ता केवळ सहलीचा नाही. उधना-लिंबायतच्या वस्त्यांतून वणीच्या सप्तशृंगीच्या दर्शनास जाणारी, नाशिक-त्र्यंबकला सोयऱ्यांकडे वा धर्मकृत्यास जाणारी किती तरी घरे याच वाटेने, वाघईवरून शामगहान व मालेगामचा घाट चढून, पुढे जातात. गुलमर्गला आयुष्यात एकदा जावे. या घाटाने मात्र वर्षातून दोनदा जावे लागते.

या घाटांचा अलीकडील इतिहास आठवला म्हणजे मन विषण्ण होते. २२ डिसेंबर २०१८ रोजी सुरतेच्या एका शिकवणीवर्गातील मुलांची सहलीची बस डांगमधील महाल-बरडीपाडा मार्गावर दरीत कोसळली. आमच्याच वयाची, आमच्याच शहरातील मुले सकाळी डबे घेऊन निघाली आणि त्यांतील कित्येक परत आली नाहीत. जुलै २०२४ मध्ये साठाहून अधिक सुरतकर प्रवाशांना घेऊन परतणारी एक खाजगी बस सापुताऱ्याच्या घाटात दरीत गेली व दोन बालके प्राणास मुकली. २ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटेच्या काळोखात यात्रेकरूंची बस त्याच घाटात कठडा तोडून खाली गेली. तीतही माणसे मेली. तिन्ही वेळा वृत्तपत्रांत मोठे मथळे आले, शोकसंदेश निघाले, मदत जाहीर झाली. पुढच्या सुटीत पुन्हा तशाच भरलेल्या बसेस तोच घाट चढू लागल्या.

याच्या शेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहावी. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी आमच्या सुरतेच्या विमानतळावर दिल्लीस निघालेले विमान धावपट्टीवर वेग घेत असता एक म्हैस आडवी आली व विमान तिला धडकले. म्हैस मेली, विमानातील एकाही मनुष्यास इजा झाली नाही. तरीही केवढा गहजब उडाला! चौकशीचे आदेश सुटले, कुंपणाचा प्रश्न ऐरणीवर आला, सुरतेचे नाव देशभर झाले. हे सर्व योग्यच होते. मनुष्य मरण्याची वाट न पाहता केवळ म्हशीवरून सावध व्हावे, यातच विमानवाहतुकीच्या सुरक्षिततेचे रहस्य आहे. प्रश्न इतकाच की, धावपट्टीवर एका जनावराच्या मृत्यूने जेवढी जाग येते, तेवढी घाटात मुलांच्या मृत्यूने का येत नाही?

विमानात आसनांहून एकही प्रवासी अधिक घेता येत नाही. वैमानिकाने किती तास काम करावे व किती विश्रांती घ्यावी, हे नियमाने बांधलेले आहे. उड्डाणापूर्वी त्याने मद्य घेतलेले नाही ना, याची तपासणी होते. धुके दाटले तर विमान थांबते, आणि शे-दीडशे माणसे मुकाट्याने बसून राहतात. तेच प्रवासी विमानतळाबाहेर आले, अथवा सहलीच्या बसमध्ये चढले, की चालक रात्रभर जागा आहे काय, गाडीचे ब्रेक केव्हा तपासले, मधल्या वाटेत स्टुले टाकून किती माणसे कोंबली आहेत, हे कोणीही विचारीत नाही. जणू संकट फक्त आकाशातच असते आणि जमिनीवर पाय टेकले की यमराज रजेवर जातो! वस्तुतः प्रवासाचा अधिक धोक्याचा भाग तेथून पुढेच सुरू होतो.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, सापुताऱ्याचा रस्ता हा नाशिककडे जाणारा रहदारीचा हमरस्ता आहे. तो अडवून कसे चालेल? आमचे उत्तर असे की, अडविणे वेगळे व तपासणे वेगळे. टंगमर्गलाही रस्ता बंद होत नाही. अपात्र गाडी तेवढी थांबते. दुसरा आक्षेप वेळेचा व पैशाचा. स्वित्झर्लंडमधील झेरमाट या स्कीइंगच्या प्रसिद्ध गावाचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. त्या गावात खाजगी मोटारींना प्रवेशच नाही. मोटारीने येणाऱ्याने सुमारे पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे गाडी ठेवावी व रेल्वेने वर जावे. झुरिचच्या विमानतळावर उतरणाऱ्यास तर विमानतळालाच जोडलेल्या स्थानकावर रेल्वे मिळते. या निर्बंधाने झेरमाटचा धंदा बुडाला नाही. उलट साऱ्या जगातून प्रवासी तेथे जातात. शिस्त ही व्यापाराची वैरीण नव्हे, हे व्यापाऱ्यांच्या सुरतेस आम्ही सांगावे काय? तिसरा आक्षेप दैवाचा: 'ज्याची वेळ भरली तो जातो.' ही समजूत दुःखात धीर देण्यापुरती ठीक आहे. पण झिजलेल्या ब्रेकला दैव म्हणणे हा दैवाचाही अपमान होय.

म्हणून आमच्या मते घाटाच्या दोन्ही तोंडांशी, म्हणजे खाली शामगहानच्या बाजूस व वर सापुताऱ्याच्या बाजूस, प्रवासी बसगाड्यांची तपासणी नित्य व्हावी, केवळ अपघातानंतरच्या आठवड्यात नव्हे. आसनांहून अधिक प्रवासी आढळल्यास जादा माणसे उतरवून त्यांची दुसऱ्या गाडीतून सोय करावी. सलग रात्र जागलेल्या चालकास घाट उतरू देऊ नये. दाट धुके वा मुसळधार पाऊस असेल तेव्हा, विमान थांबते त्याप्रमाणे, बसगाड्याही तास-दोन तास थांबवाव्यात. आणि शाळांच्या वा शिकवणीवर्गांच्या सहलींनी सूर्यास्तापूर्वी घाट उतरून सपाटीवर यावे, हा दंडक असावा. यांतील एकाही गोष्टीस विमानतळ बांधण्याइतका पैसा लागत नाही. लागते ती फक्त 'नाही' म्हणण्याची हिंमत, आणि तो नकार ऐकून घेण्याची सवय.

ही सवय लावण्याचे काम आम्हां विद्यार्थ्यांपासून सुरू होऊ शकते. सहल ठरते तेव्हा आपण कोणते प्रश्न विचारतो? बसमध्ये गाणी वाजविण्याची सोय आहे काय, आणखी एखादे स्थळ पाहता येईल काय, परतीस उशीर झाला तर चालेल काय! शेवटच्या स्थळाचा हट्ट बहुधा आपलाच असतो, आणि तो पुरविण्यासाठी मग चालक अंधारात घाई करतो. त्याऐवजी, 'बसमध्ये आसने किती व आपण किती? चालक दुसरा आहे काय? घाट उजेडी उतरणार ना?' हे तीन प्रश्न प्रत्येक वर्गाने सहलीपूर्वी विचारावेत. विचारणाऱ्यास भित्रा म्हणून हसू नये. गुरुजनांनीही त्यास उद्धट समजू नये. वैमानिक उड्डाणापूर्वी यादी हाती घेऊन एकेक गोष्ट पडताळतो, म्हणून त्यास कोणी भित्रा म्हणत नाही.

बर्फ पाहावयास अवश्य जावे, सापुताऱ्याचे ढगही अवश्य पाहावेत, आईच्या गडावर तर जावेच. परंतु डोंगरापर्यंत कितीही वेगाने पोहोचलो, तरी त्याच्या पायथ्याशी क्षणभर थांबून गाडी, चालक व आकाश पाहून मगच पुढे जावे. डांगच्या दरीतून जी मुले परत आली नाहीत, त्यांच्यासाठी आता काही करता येणार नाही. यंदा सहलीस जाणाऱ्या मुलांसाठी मात्र अजून सर्व काही करता येण्यासारखे आहे.