डाव्या हाताची किंमत

एका भगिनींनी पत्राने विचारले आहे की, घरातील मुले मोबाइलवर खेळ खेळत बसतात, तेव्हा वडीलधाऱ्यांनी काय करावे? वर्षापूर्वी आम्ही या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात दिले असते, आणि ते वाक्य कठोर असते. आज तसे देता येत नाही. कारण गेले वर्षभर आम्ही स्वतःच अशा एका खेळात गुंतलो आहोत. ही कबुली या पृष्ठावर द्यावी की न द्यावी, याचा आठ दिवस विचार केला. आज देत आहोत.

त्याचे झाले असे. गेल्या आषाढात आमची अकरा वर्षांची नात जिन्यावरून घसरली आणि पाय मोडून दीड महिना पलंगावर पडून राहिली. शाळेत ती हँडबॉल खेळते. मैदान बंद झाले म्हणून तिने इंटरनेटवर हँडबॉलचा संघ चालविण्याचा एक खेळ शोधून काढला आणि सोबतीस आम्हांस बसविले. यात आपण धावावयाचे नसते की चेंडू फेकावयाचा नसतो. आपल्यास एक काल्पनिक संघ मिळतो. प्रत्येक खेळाडूचे वय, वेतन, फेक, बचाव, दम यांचे आकडे समोर असतात. कोणास खेळवावे, कोणाकडून कशाचा सराव करून घ्यावा, कोणास विकावे आणि लिलावात कोणास घ्यावे, एवढे आपण ठरवावयाचे. नेमल्या दिवशी नेमल्या वेळी संगणक सामना लावतो व निकाल सांगतो. समोरचा संघ असाच कोणी दूरदेशीचा गृहस्थ चालवीत असतो. फुटबॉलचा 'हॅट्ट्रिक' नावाचा या जातीचा खेळ स्वीडनमध्ये १९९७ साली निघाला. आमचा त्याच कुळीतला म्हणावयाचा.

मूळ हँडबॉल आम्हांस ठाऊक नव्हता. चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद असे अंगण, दोन्ही बाजूंस गोलरक्षक धरून सात सात गडी, अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन डाव. चेंडू हाती घेऊन तीनच पावले टाकता येतात आणि तीन सेकंदांपलीकडे तो नुसता धरून ठेवता येत नाही. गोलापुढे सहा मीटरांवर एक रेघ असते; तिच्या आत गोलरक्षकावाचून कोणी पाय टेकावयाचा नाही. मात्र रेघेबाहेरून उडी घेऊन हवेत असताना चेंडू फेकता येतो. या खेळाचे आरंभीचे नियम डेन्मार्कमधील ऑर्डरुप येथील होल्गर निल्सेन नामक शिक्षकाने बांधले व १९०६ साली प्रसिद्ध केले, हे कळल्यावर आमचा विरोध निम्मा गळाला. शिक्षकाने काढलेला खेळ सर्वस्वी वाईट कसा असेल? आपल्याकडेही २०२३ साली जयपूर येथे प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम झाला व तो महाराष्ट्र आयर्नमेन या संघाने जिंकला. ही वार्ताही आम्हांस नातीकडूनच मिळाली.

आमच्या संघाचे नाव 'अजिंक्यतारा' ठेविले. नावाप्रमाणे वागणे मात्र संघास जमले नाही. पहिल्या आठवड्यातच आम्ही खजिन्यातील बहुतेक रक्कम एका तेहतीस वर्षांच्या नामांकित फेकणाऱ्यावर उधळली. त्याचे आकडे पाहून आम्हांस भूल पडली होती. एका महिन्यात त्याचा दम उतरू लागला, वेतन मात्र तेच राहिले, आणि तिकिटांची आवक काही वाढेना. आमच्या घरचा जमाखर्च गेली तीस वर्षे वहिनी लिहितात. त्या खोलीत डोकावल्या, चष्मा लावून आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊजी, दर आठवड्याला आवकेपेक्षा पगार जास्त जातो आहे. दोन महिन्यांत दिवाळे वाजेल." आम्ही म्हणालो, "वहिनी, हा खेळ आहे." त्या म्हणाल्या, "मग हरायला पैसे कशाला मोजता?" त्या दिवशी तो नामांकित पुरुष निम्म्या किमतीस विकला. तेव्हापासून वहिनींच्या संमतीवाचून लिलावात बोली लावीत नाही. (खऱ्या पैशांचा यात संबंध नाही. असे पुष्कळ खेळ सोयीसवलती विकत देऊ करतात. त्या वाटेस जाऊ नये आणि घरातील बँकेचे कार्ड मुलांच्या हाती देऊ नये, एवढे त्या भगिनींस आताच सांगून ठेवतो.)

खर्च आटोक्यात आला, तरी हार टळेना. सामन्याचा तपशील वाचता वाचता नातीने दोष हेरला. "आजोबा, आपली उजवी बाजू आंधळी आहे. तिथे सगळे उजवेच आहेत." आम्हांस प्रथम याचा बोधच होईना. उजव्या बाजूस उजव्या हाताचा गडी, यापरते योग्य ते काय? तिने पलंगाच्या चादरीवर बोटाने रेघा ओढून समजाविले. मैदानाच्या उजव्या कोपऱ्यातून गोलाकडे तोंड करून उडी घेतली, की उजवा हात मैदानाच्या कडेकडे राहतो. त्या हातास गोलाची नुसती फट दिसते, आणि ती अडवावयास गोलरक्षक उभाच असतो. डावऱ्याचा फेकीचा हात मैदानाच्या मध्याकडे येतो, आणि तेवढ्याने त्याच्यापुढे गोलाचे दार उघडते. म्हणून उजवा कोपरा व त्याच्या मागची जागा डावऱ्यांची. आइसलँडच्या संघाने २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले, त्यातील ओलाफुर स्टेफान्सन डावरा. डेन्मार्कने २०२४ साली पॅरिसला सुवर्णपदक घेतले, त्यातील माथियास गिडसेल डावरा. जगात असे लोक थोडे, म्हणून लिलावात त्यांस भाव. त्याच वयाच्या, त्याच आकड्यांच्या उजव्या गड्याच्या तिप्पट किमतीस एक डावरा आमच्या डोळ्यांदेखत गेला. वहिनींनी मान हलविली, आणि तो विषय संपला.

मग आम्ही सतरा वर्षांचा, सर्व गुणांत दुबळा, परंतु डावरा असा एक पोर स्वस्तात घेतला. दोन हंगाम त्याच्याकडून उडी व फेक यांचाच सराव करून घेतला. बचाव करताना सहाही गडी रेघेवर एका रांगेत उभे करण्याची पद्धत आहे. तीत त्यास अगदी कडेला उभे केले, म्हणजे त्याची उणीव फारशी झाकून जाई. त्याचा आकडा एकाने वाढला, की नात टाळ्या पिटी. आणि खोटे कशास सांगावे, आम्हीही खुर्ची पुढे ओढीत असू.

अशाच एका संध्याकाळी तिने विचारले, "आजोबा, बाबा कैऱ्या डाव्या हाताने पाडतात. मग लिहितात उजव्या हाताने, असं का?"

आम्ही चष्मा पुसू लागलो.

आमचे धाकटे चिरंजीव जन्मतः डावरे. १९९३ साली त्यांनी पाटीवर डाव्या हाताने 'ग' काढला, आणि आम्ही त्या हातास रुमाल बांधला. रुमाल सोडला की हात पुन्हा पेन्सिलीकडे जाई. पुन्हा बांधीत असू. चार महिने हे चालले. वर्गात तर रुमालाचीही गरज नव्हती, पट्टी होती. आम्ही संस्कृत शिकवीत असू. गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवान अर्जुनास सव्यसाची म्हणतात. सव्य म्हणजे डावा, डाव्या हातानेही जो बाण सोडतो तो सव्यसाची, हा विग्रह आम्ही प्रतिवर्षी फळ्यावर लिहीत आलो. आणि ज्या तासास तो लिहिला, त्याच तासास मागच्या बाकावरील एका मुलाच्या डाव्या हातावर पट्टी ओढलेली आम्हांस स्पष्ट आठवते. त्या मुलाचे मनगट आठवते. चेहरा आठवत नाही.

भाषाही आमच्याच बाजूची होती. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा, तसाच कुशल. मराठीत सरस ते उजवे. ज्यास वगळावयाचे त्यास डावलावयाचे. परंतु वाम या शब्दाचा प्रतिकूल असा जसा अर्थ आहे, तसाच सुंदर असाही आहे, आणि तो आम्हांस परीक्षेपुरता पाठ होता. चिरंजीवांचे अक्षर आजही किरटे आहे. त्याबद्दलही आम्ही त्यांस बोललेलो आहोत.

नात डावरीच आहे. तिच्या शाळेत कोणी तिचा हात धरला नाही. पंक्तीत मात्र वहिनी तिला उजव्या हाताने जेवावयास लावतात. तो प्रश्न निराळा आहे, आणि त्यावर वहिनींशी वाद घालण्याचे धैर्य अद्याप आमच्या अंगी आलेले नाही.

दिवाळीस चिरंजीव पुण्याहून आले. लेकीने बापास संघ दाखविला. उजव्या कोपऱ्यातील पोराचे नाव, पुढे 'डावा हात', आणि त्यापुढे त्यास नुकतीच आलेली मागणी: आम्ही दिली होती तिच्या अकरापट! चिरंजीवांनी ते दोनदा वाचले. म्हणाले, "आप्पा, एवढा भाव? तुमच्या घरात एक फुकट होता." हसतच म्हणाले. सूनबाई लगबगीने चहा पाहावयास आत गेल्या.

आम्ही म्हणालो, "होता. आम्हीच त्याला बांधून ठेवला. चुकले आमचे." हे वाक्य आमच्या मनात तीन महिने तयार होते, म्हणताना ते तीन महिन्यांचे वाटले नाही. चिरंजीव काही वेळ मोबाइलवरून बोट फिरवीत राहिले. बोट डाव्या हाताचे होते. मग त्यांनी विचारले, "सामना किती वाजता?"

सामना रात्री आठास होता. आम्ही तिघे बसलो. वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. एका गोलाने हरलो. आमच्या डावऱ्याने शेवटच्या मिनिटास मारलेला चेंडू खांबावर आदळला. आलेली मागणी नाकारावी, असे वहिनींसकट चौघांचे मत पडले. पोरास विकलेले नाही.