फुटकी बादली आणि आमचे मैदान

महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिकांकांचे गठ्ठे परवा ग्रंथालयात चाळत बसलो होतो. प्रत्येक अंकाच्या शेवटी जिमखान्याचा अहवाल आणि त्यात फुटबॉलच्या वाट्याला दोन ओळी. ‘आमच्या संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत भाग घेतला. चुरशीच्या लढतीनंतर पहिल्याच फेरीत पराभव पत्करावा लागला.’ पुढच्या वर्षी पुन्हा तेच वाक्य, फक्त कर्णधार बदललेला. चुरस मात्र एकाही वर्षी चुकलेली नाही!

अशाच एका ‘चुरशीच्या’ वर्षी मी त्या संघात राखीव खेळाडू होतो. सकाळच्या एस.टी.ने कळमेश्वरहून नागपूर गाठायचे, दीड तास दुसऱ्यांनी खेळायचे, आपण मैदानाबाहेर त्यांचे बूट सांभाळायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे, एवढाच आमचा मोसम. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे हरला तो घरी गेला. जाण्यायेण्याच्या तिकिटांत सगळे वर्ष मावले. दुसऱ्या दिवशी चेंडू जिमखान्याच्या कपाटात गेला तो थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. तोवर त्यातली हवा आपोआप निघून गेलेली असे.

हरण्याबद्दल माझी तक्रार नाही. हरणारा संघ असल्याशिवाय जिंकणारा कोठून येणार? प्रश्न असा आहे की, वर्षभरात आपल्या मैदानावर किती पायांना चेंडू लागला, याची नोंद कोणत्याच अहवालात नसते. महाविद्यालयाच्या फुटबॉलचे मोजमाप करायचे तर ते याच नोंदीने करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला आधार लांबून आणावा लागत नाही, तो नागपुरातच आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या हिस्लॉप महाविद्यालयात प्रा. विजय बारसे हे खेळाचे शिक्षक होते. एके दिवशी भर पावसात त्यांना झोपडपट्टीतील काही पोरे एक फुटकी बादली लाथाडताना दिसली. बादली इकडून तिकडे, पोरे तिच्यामागे आणि आरडाओरडा तर विचारू नका. आपल्यापैकी कोणीही छत्री सावरत पुढे निघून गेला असता. फार तर, ‘काय ही पोरे!’ असे म्हणाला असता. बारसे सरांना त्या बादलीत चेंडू दिसला. त्यांनी त्या मुलांना खराखुरा चेंडू दिला आणि २००१ साली नागपुरात झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली.

येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. आमच्या स्पर्धेत उतरायला महाविद्यालयाचे ओळखपत्र लागते. सरांच्या स्पर्धेत उतरायला झोपडपट्टीतला मुलगा असणे हीच पात्रता! वर्षभर आम्हांला कुंपणाबाहेरून पाहणाऱ्यांसाठी हा मोसम होता. तो एका फेरीत संपला नाही. त्यातून ‘स्लम सॉकर’ हे काम उभे राहिले, येथे घडलेली मुले बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत भारताकडून खेळली, आणि २०१६ साली ‘फिफा’चा विविधता पुरस्कार या कामाला मिळाला. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट आला आणि सरांच्या भूमिकेत अमिताभ बच्चन दिसले. मग आम्हां विदर्भवासीयांनाही हे सगळे आपल्याच अंगणात घडल्याचा साक्षात्कार झाला.

कोणी म्हणेल, नागपूरचे नागपुरात, कळमेश्वरात काय? संध्याकाळी एम.आय.डी.सी.च्या रस्त्याने एकदा पायी जा. कामगारांची पोरे रस्त्याच्या कडेला चपलांचे गोल मांडून खेळताना दिसतील. ट्रक आला की खेळ थांबतो, चपला उचलायच्या आणि ट्रक गेला की पुन्हा मांडायच्या. त्याच वेळी आमच्या मैदानाच्या फाटकाला कुलूप असते आणि आत गवत वाढत असते.

‘बाहेरची मुले आली की शिस्त बिघडेल, एखाद्याचा पाय मोडला तर जबाबदारी कोणाची?’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. शिस्तीची भीती मला फारशी पटत नाही. आमच्या संमेलनाहून अधिक गोंधळ ती पोरे घालू शकणार नाहीत. मोडलेल्या पायाचा प्रश्न मात्र खरा आहे. पावसाळ्यात आमची काळी माती अशी चिकटते की एकेक पाय किलोभर जड होतो आणि भलेभले घसरतात. म्हणून एक शिक्षक आणि संघातले दोन-तीन विद्यार्थी हजर असावेत, प्रथमोपचाराची पेटी असावी आणि आठवड्यातून एकच दिवस दोन तास फाटक उघडावे. पहिल्या फेरीत हरलेल्या खेळाडूंना वर्षभर दुसरे काम तरी काय असते? त्यांनी शिट्टी घ्यावी, पंच व्हावे.

सबंध मैदानही लागत नाही. बेघरांच्या त्या जागतिक स्पर्धेत एका बाजूला चारच खेळाडू असतात, मैदान २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढी जागा आमच्या सायकल स्टँडमागे सहज निघेल. तिथे गवतही कमी आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी फाटकापाशी उभा राहीन. हवा भरायचा पंप माझ्याजवळ आहे. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनी चेंडू तेवढा काढून द्यावा.