आधी अहवाल, मग साक्ष

मोशी, चिखली आणि चाकण भागातून गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आहे. आरोग्यसभेत प्रार्थना झाली, तिथेच माइकवर बरे झाल्याची साक्ष घेतली आणि घरी जाऊन माणसाने गोळ्या बंद केल्या. एका पत्रात क्षयाचा रुग्ण आहे, दुसऱ्यात फिटची औषधे घेणारी मुलगी. क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. फिटच्या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर जिवावर बेतू शकते. हे आपल्या पाळकांना ठाऊक आहे. तरी साक्षीची घाई सुटत नाही.

ही घाई शास्त्रात नाही. मार्काच्या पहिल्याच अध्यायात प्रभू कुष्ठरोग्याला शुद्ध करतो आणि कुठे बोलू नकोस असे बजावून याजकाकडे पाठवतो. लेवीयाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांनुसार अंग तपासून शुद्ध ठरवण्याचे काम याजकाचे. त्यानंतरही त्या माणसाने सात दिवस स्वतःच्या तंबूबाहेर राहायचे. ज्याच्या स्पर्शाने रोग गेला, त्यानेच ही पायरी गाळली नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या जन्मांधाला परूश्यांनी दोनदा बोलावून प्रश्न विचारले, त्याच्या आईबापांनाही सोडले नाही. आपल्या मंडळ्यांत मात्र ‘डॉक्टरांना दाखवून या’ म्हणणारा वडील अल्पविश्वासी ठरतो!

सभांच्या जाहिरात-पत्रकांची गोष्ट याहून गंभीर आहे. वर पाळकांचा मोठा फोटो, खाली कॅन्सर, मधुमेह, लकवा अशी यादी, मग तारीख आणि वेळ. कफर्णहूमात छप्पर उसकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला प्रभूने आधी पापांची क्षमा दिली. शास्त्र्यांच्या मनात आक्षेप आला, तेव्हा क्षमेचा अधिकार आपल्याला आहे हे त्यांना कळावे म्हणून त्याला उठवले. तिथले बरे होणे त्या अधिकाराची खूण होती, आणि तो अधिकार आपल्यापैकी कुणाच्याही हाती नाही. आपल्याला याकोबाच्या पत्राने काम दिले ते आजाऱ्याच्या घरी जाऊन, तेल लावून प्रार्थना करण्याचे. पौलाने त्रफिमाला आजारी अवस्थेतच मिलेतात मागे ठेवले, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि त्याच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. पौलाचा विश्वास उणा पडला असे आपण म्हणत नाही. मग बिछान्यावरच्या कामगाराला ते का ऐकवायचे?

2013 चा जादूटोणाविरोधी कायदा किती जणांनी वाचला आहे? चमत्काराच्या नावाने फसवून पैसे मिळवणाऱ्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. इजा किंवा आर्थिक नुकसान न करणाऱ्या चर्चमधल्या विधींना त्याच कायद्यात सूट आहे. साध्या उपवास-प्रार्थनेकडेही संशयाने पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा भाग वाचायला हवा. पण त्यांच्या हाती निमित्त देतात ती आपलीच पत्रके.

डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले. तिथे प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एका छताखाली चालत. त्या परंपरेतल्या माणसांनी गोळ्या सोडायला लावणाऱ्या सभा भरवाव्यात, हे सहन होत नाही.

पाळकबंधूंनो आणि भगिनींनो, सभेत पुढे येणाऱ्याची फाइल आधी मागा. गोळ्या चालू असतील तर चालू ठेवा, असे माइकवरूनच सांगा. कंत्राटी कामगार शिफ्ट बुडेल म्हणून तपासणी टाळत असेल, तर वडिलांपैकी एकाला त्याच्याबरोबर वायसीएम रुग्णालयात किंवा कामगार विमा रुग्णालयात पाठवा. पुढच्या अंकापासून डॉक्टरांच्या अहवालाशिवाय आलेली आरोग्याची साक्ष या मासिकात छापली जाणार नाही, आणि आजारांची यादी असलेली सभेची जाहिरात पैसे भरले असले तरी परत केली जाईल. यावर ज्यांचा आक्षेप असेल त्यांनी शास्त्राचा आधार देऊन लिहावे. पत्र पूर्ण छापू.