फुंकर आमची, पुरावा कुठे?



थर्टी फर्स्ट जवळ आला की चौकाचौकात बॅरिकेड लागतात आणि मशीन तोंडाशी येते : "फुंका!" पिऊन गाडी हाकणाऱ्याबद्दल आम्हाला तिळमात्र कणव नाही. त्याला शिक्षा व्हायलाच हवी. आमचा राग आहे तो कच्च्या पुराव्यावर. पुरावा कच्चा राहिला की वकील परवडणारा सुटतो आणि डिलिव्हरीचं काम करणारा पोरगा खिसा रिकामा करून घरी जातो.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. आता महत्त्वाचं : हा गुन्हा कलम २०० च्या तडजोडीच्या यादीत नाही. त्याचा दंड रस्त्यावर भरताच येत नाही, तो कोर्टच ठरवतं. मग "गाडी जमा करू की मिटवायचं?" असं विचारून बॅरिकेडच्या आडोशाला जे घेतलं जातं, ती निव्वळ लाच. (देणाराही त्यात अडकतो बरं का. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.)

कलम २०३ म्हणतं, गणवेशातल्या पोलिसाला संशयाला वाजवी कारण असेल तर त्याने फुंकायला सांगावं. रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडाशी नळी धरा, असं तिथे लिहिलेलं नाही. अटक झालीच तर ठाण्यात पुन्हा फुंकण्याची संधी द्यावी लागते. आणि कलम २०२ प्रमाणे अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर माणसाला सोडावं लागतं. ही मुदत उगाच नाही. रक्तातली दारू कुणासाठी थांबत नाही, तासातासाला उतरत जाते.

ही तपासणी ढिसाळपणे केली की काय होतं, ते पुणेकरांनी पाहिलंय. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव गाडीखाली दोघांचा जीव गेला. चालकाचं रक्त घ्यायला कित्येक तास लागले आणि पुढे तो नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. तोंडाला वास, झोकांड्या, अडखळती जीभ एवढ्यावर दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सांगून ठेवलंय. त्या खटल्यातही रक्ताचा अहवाल कोर्टापुढे आलाच नव्हता! इतक्या वर्षांत आपण शिकलो काय?

ई-चलनाची तऱ्हा वेगळी नाही. स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढायचा आणि सवडीने चलन टाकायचं, ही रीत इतकी बोकाळली की खासगी मोबाइल वापरू नका असं पोलीस खात्याच्या वरिष्ठांनाच २०२५ मध्ये बजावावं लागलं. गाडीची किल्ली हिसकावण्याचा अधिकार तर कायद्यात कुठेच दिलेला नाही. लायसन्स ठेवून घेतलं तर कलम २०६ प्रमाणे पोचपावती द्यावीच लागते.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक फुंकरीची छापील चिठ्ठी निघावी. तिच्यावर वेळ, ठिकाण, मशीनचा नंबर आणि ती शेवटची कधी तपासली ती तारीख असावी. एक प्रत चालकाच्या हातात पडावी. चाचणी चालू असताना अंगावरचा कॅमेरा बंद नसावा. प्रामाणिक हवालदाराला याची भीती वाटायचं कारण नाही. उलट त्याचीच केस कोर्टात टिकेल.

तोवर आपण काय करायचं? हात दाखवला की थांबा. वर्दीतल्या पोलिसाने मागितली तर कागदपत्रं दाखवा, डिजिलॉकरमधली चालतात. फुंकायला नकार देऊ नका, कारण सबळ कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ खाली तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकतो. फुंका, आकडा स्वतः वाचा, चिठ्ठी मागा. मिळाली नाही तर वेळ, चौक आणि छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्तालयात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या.

— काही पुणेकर वाहनचालक
(वाचून झाल्यावर पत्रक पुढच्याला द्यावे.)