झुरळं घरातली, औषध शेतातलं?

झुरळ हा काय पेपरात लिहिण्याचा विषय आहे का, असं काही जणींना वाटेल. पण मैत्रिणींनो, बचत गटाच्या कामासाठी मी मोताळ्यात घरोघरी जाते, तेव्हा हा विषय हमखास निघतो, आणि तोही हळू आवाजात. कारण घरात झुरळं दिसली म्हणजे त्या घरची बाई आळशी, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. पाहुण्यांसमोर ओट्यावरून एखादं झुरळ पळालं, की सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळतात. मग ती बिचारी काय करते? कपाशीच्या फवारणीतून उरलेलं औषध मागच्या खोलीत असतंच. त्यातलं थोडं पाण्यात कालवून ओट्याखाली, मोरीत, डब्यांच्या मागे शिंपडते. झुरळं मरतात, बोलणी थांबतात. पण आपण स्वयंपाकघरात काय आणून ठेवलं, याचा विचार कुणीच करत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. शेतातलं औषध उंबऱ्याच्या आत येता कामा नये. २०१७ साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते तर उघड्या वावरात होते! मग तेच विष आपण कणीक मळतो, लेकरू रांगतं, त्या बंद खोलीत शिंपडायचं? पूर्वी झुरळांसाठी घराघरांत वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंद केलं. फडताळात एखादी जुनी बाटली पडून असेल, तर ती ‘कामी येईल’ म्हणून जपू नका.

आता जरा झुरळाची ओळख करून घेऊ. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारची दिसतात. एक मोठं, तांबूस तपकिरी, दीड इंचाच्या आसपास. ते गटारातून, मोरीच्या जाळीतून वर येतं. दुसरं लहान, जेमतेम अर्ध्या इंचाचं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं. त्याला जर्मन झुरळ म्हणतात. नाव जर्मन असलं, तरी २०२४ च्या एका जनुकीय अभ्यासाप्रमाणे त्याचं मूळ सुमारे २१०० वर्षांपूर्वीच्या भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आहे. हे लहान झुरळच जास्त चिवट. मादी अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊन फिरते आणि एका पिशवीतून तीस-चाळीस पिल्लं निघतात. ते घरात येतं ते किराणा दुकानातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून, जुन्या फ्रीजमधून, पाहुण्यांच्या बॅगेतून. म्हणजे लख्ख घरातही येऊ शकतं. मग दोष एकट्या बाईला का द्यायचा?

मात्र झुरळं आहेत तर राहू देत, असंही नाही. ती मोरीतली घाण पायांनी अन्नावर आणतात. त्यांच्या विष्ठेने आणि कातीने काही मुलांचा दमा बळावतो. तेव्हा उपाय करायचाच, पण डोकं वापरून.

रात्री दिवे मालवल्यावर बॅटरी घेऊन बघा, कुठून निघतात ते कळेल. चहापत्तीसारखे बारीक काळे कण जिथे दिसतील, तिथे त्यांचा मुक्काम. या लहान झुरळांना अन्नापेक्षा पाण्यावाचून राहणं जड जातं. म्हणून झोपण्यापूर्वी ओटा आणि मोरी कोरड्या फडक्याने पुसा, खरकटी भांडी रात्रभर ठेवू नका, साठवणीच्या पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण लावा. फटी सिमेंटने बुजवा, मोरीला बारीक जाळी बसवा, रद्दी आणि रिकामी खोकी लगेच काढा.

मग बोरिक पावडर. हो, कॅरमवर टाकतात तीच! बोरिक पावडर, पिठीसाखर आणि कणीक समप्रमाणात घेऊन थोड्या दुधात मळा, वाटाण्याएवढ्या गोळ्या करून फ्रीजमागे, सिलिंडरमागे ठेवा. ही कणीक पोळ्यांच्या परातीत मळू नका. मेडिकलमध्ये किंवा किराणा दुकानात मिळणारी झुरळांची जेलही चांगली. तिचे बारीक ठिपके फटींत लावायचे, पण त्यावर स्प्रे मारायचा नाही, नाहीतर झुरळं तिकडे फिरकतच नाहीत. एका दिवसात चमत्कार होणार नाही. अंड्यांतून नवी पिल्लं निघतात, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा करा. बोरिक, जेल किंवा झुरळांचा खडू, काहीही असो, मुलांच्या हाती लागू देऊ नका. चुकून पोटात गेलंच, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठा.

राहता राहिला कामाचा प्रश्न. फटी बुजवायला, जाळी बसवायला, फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवायला घरच्या पुरुषांचे हात लागले पाहिजेत. घर सगळ्यांचं, तर झुरळंही सगळ्यांचीच. सुनेला टोमणा मारण्याऐवजी एखाद्या रात्री ओटा पुसायला कुणी उठलं, तर त्या औषधाच्या बाटलीकडे तिचा हात जाणारच नाही.