पाहुणा थांबतो ते झाड

कनेरगाव नाका म्हणजे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं मराठवाड्याचं टोक. पुढे विदर्भ लागतो. जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. अशा गावात नवं घर बांधलं की अंगणात पेव्हर ब्लॉक बसतात, गेटच्या दोन्ही बाजूंना पामच्या कुंड्या येतात आणि भिंतीला लागून क्रोटनची रांग. सगळं नीटनेटकं, पण पाहुणा त्यातल्या एकाही झाडापाशी थांबत नाही. असली झाडं त्याने दहा घरांपुढे पाहिलेली असतात.

अंगणात पाहुण्याचा पाय अडकेल असं एक तरी झाड हवं, आणि ते बहुधा रोपवाटिकेतून विकत आणलेलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे ब्रह्मकमळ. एरवी वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. चपटी, लोंबती, कडेला खाचा असलेली ती पानं. खरं तर ती पानं नव्हेत, खोडंच. पावसाळ्यात त्यातल्या एखाद्या खाचेतून कळी डोकावते. आधी ती खाली लोंबते, उमलायचा दिवस जवळ आला की तिची मान वर वळते. ही मान वळलेली दिसली की घरातली बाई शेजारी निरोप धाडते, “आज रात्री या.” आठ-नऊ वाजता बाहेरच्या तांबूस, बारीक पाकळ्या सैल होतात, मग आतल्या शुभ्र पाकळ्या उलगडतात. मध्यरात्रीपर्यंत वीतभर फूल आणि अंगणभर वास. कुणी हळदीकुंकू वाहतं, कुणी आरती ओवाळतं, पोरं झोप विसरून उभी असतात. उजाडेपर्यंत फूल मान टाकतं. पामच्या कुंडीपुढे असं गाव कधी जमत नाही.

हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतलं, निवडुंगाच्या कुळातलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यफूल, ते सूर्यफुलाच्या कुळातलं आणि अगदी वेगळं. हा फरक सांगितल्याने श्रद्धेला धक्का बसत नाही, झाड मात्र वाचतं. कारण आपलं ब्रह्मकमळ मूळच्या जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, सावलीत, पालापाचोळ्याच्या आधाराने वाढतं. त्याला गच्चीवरच्या उन्हात ठेवलं की ते पिवळं पडतं, आणि आपली चिकण काळी माती कुंडीत भरली की पावसाळ्यात मुळं कुजतात. विटांचा चुरा, जाड वाळू आणि कुजलेला पाला असं मिश्रण करा. कुंडी पूर्वेच्या भिंतीपाशी किंवा कडुनिंबाखाली ठेवा. सकाळचं ऊन त्याला पुरतं.

रोपवाटिकेतल्या झाडांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात विकली जाणारी कितीतरी रोपं आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात, लाल मातीच्या घट्ट गोळ्यासकट. तो गोळा तसाच काळ्या जमिनीत पुरला की मुळं त्याच्याबाहेर यायला कचरतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात रोप मान टाकतं. लावताना गोळा हलक्या हाताने मोकळा केला तर ते टिकायची आशा असते.

इथल्याच मातीतलं झाड हवं असेल तर कळलावी लावा. पावसाळ्यात कुंपणावर, बांधावर ती आपसूक चढते. तिला वेगळे ताणे नाहीत. पानाचंच टोक वळून काटकीला विळखा घालतं. फुलाच्या पाकळ्या मागे मुरडलेल्या आणि कडांना लहरी. आधी पिवळ्या, मग लालभडक. तमिळनाडूचं हे राज्यफूल आपल्याकडे तण म्हणून उपटलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. तिचा कंद मात्र जहाल विषारी आहे, त्यात कोल्चिसिन असतं. घरात लहान मूल किंवा दारात जनावर असेल तर ती लावूच नये. अशा घरी मधुमालती चढवावी. सांजेला पांढरी उमललेली फुलं पुढे गुलाबी आणि मग लाल होतात, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात.

ब्रह्मकमळ विकत घेऊ नका, मागून आणा. ज्यांच्या घरी ते फुलतं ते आनंदाने पान तोडून देतात. आपल्याकडे हे झाड असंच घरोघर पसरलं. वीतभर तुकडा घ्या, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्या, मग खालचं टोक मिश्रणात खोचा. पाणी बेताने द्या. फुलायला दोन-तीन वर्षं लागतील, तोवर कुंडीची जागा सारखी बदलू नका. आणि पहिली कळी मान वळवू लागली की ज्यांच्याकडून पान आणलं, त्यांना आधी बोलवा.